लुंबिनीला लेकरं घेऊन जाताना मुक्काम कुठे कराल?

बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर करून आपल्या वस्त्यांमधल्या सहली सोनौलीची सीमा ओलांडून लुंबिनीला जातात. नेपाळ परदेश असला तरी व्हिसा लागत नाही, म्हणून तयारी कोणी करत नाही. मुक्कामाची चौकशी तर नाहीच. "हॉलमध्ये गादी मिळेल" एवढ्यावर पैसे भरले जातात. मग तीस माणसांत दोन संडास, तेही अंगणापलीकडे. रात्री दोन वर्षांच्या पोराला जुलाब लागले की आई एकटी अंधारात उभी. सहलींसोबत जाताना आम्ही हे पाहिलं आहे.

पैसे भरण्याआधी सहल नेणाऱ्याला विचारा: लेकरंवाल्या बायांना तळमजल्याची, संडास जोडलेली खोली मिळेल का? मच्छरदाणी आहे का? तराईत डेंग्यू आणि जपानी मेंदूज्वर दोन्ही आहेत. दर नंतर विचारा.

लुंबिनीच्या कोरियन विहारात यात्रेकरूंना साधी खोली आणि जेवण मिळतं. जागा शांत, पण जेवणाच्या वेळा ठरलेल्या. दर दोन तासांनी खाणाऱ्या लेकराला आमच्या मते बाजारातला गेस्ट हाऊस बरा. दूध, केळी, औषधाचं दुकान जवळ.

पाण्याचं मात्र नीट ऐका. तराईतल्या उथळ हातपंपांच्या पाण्यात काही ठिकाणी आर्सेनिक सापडलं आहे. उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक जात नाही. लेकरासाठी सीलबंद बाटलीच घ्या. सहा महिन्यांच्या आतलं असेल तर फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणी नकोच.

मोठ्यांना मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट लागतो. आधार १५ वर्षांच्या आतल्या मुलांचं आणि ६५ वर्षांवरच्या म्हाताऱ्यांचंच चालतं. हे घरी विसरलात तर खोलीचा प्रश्नच उरत नाही, सीमेवरूनच परत!

जुलाब लागले तर तिथल्या औषध दुकानात "जीवनजल" मागा, तेच ओआरएस. पाकिटावर लिहिलं तेवढ्याच पाण्यात कालवायचं, चमच्याचमच्याने पाजायचं. डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा मूल मलूल पडलं तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. नेपाळमध्ये रुग्णवाहिकेचा नंबर १०२. आपलं सिमकार्ड रोमिंगशिवाय तिथे चालत नाही, म्हणून रात्री फोन कोणाकडे मिळेल आणि गाडी कोण देईल, हे खोली घेतानाच मालकाला विचारून ठेवा.