मागच्या सीटने तारलेली जीप

हैदराबादच्या बाह्यवळण रस्त्याची, म्हणजे तिथल्या भाषेत ओआरआरची, लांबी १५८ किलोमीटर, मार्गिका आठ आणि २०२३ पासून कमाल वेग ताशी १२० किलोमीटर. शनिवारी सकाळी विकाराबादजवळच्या अनंतगिरी टेकड्यांकडे किंवा झहीराबाद, उमरगा करत सोलापूरकडे निघालेल्या गाड्या पाहिल्या, तर त्यांत उंच, रुंद, चाकांच्या कमानींना काळे प्लास्टिक आणि छतावर रेलिंग लावलेल्या गाड्यांचाच भरणा दिसतो. पुढे नवरा-बायको, मागे मुले आणि आजी, डिकीत बॅगा आणि जेवणाचे डबे. या गाड्यांना एसयूव्ही म्हणतात, मात्र त्यांतल्या बहुतेकींत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांपर्यंत पोचते. देशाचे चित्रही वेगळे नाही. २०२४-२५ मध्ये सुमारे ४३ लाख प्रवासी वाहने विकली गेली, त्यांतली जवळपास २८ लाख, म्हणजे ६५ टक्के, ‘युटिलिटी’ गटातली होती. जुने जीपवाले यावर नाक मुरडतात. त्यांच्या मते ही उंच टाचा घातलेली हॅचबॅक आहे आणि कुटुंबाच्या लाडापायी एका रांगड्या गाडीचे पाणी पळाले आहे. या तक्रारीत तथ्य आहे, पण आरोपी चुकीचा पकडला आहे. आज भारतात जी काही अस्सल आडवाटेची गाडी शिल्लक आहे ती कुटुंबाने मागची सीट भरली म्हणून शिल्लक आहे. कुटुंबाला जी नको होती ती कधीच मोडीत निघाली.

मुळात कुटुंब या गाड्यांत आज बसायला लागलेले नाही. महिंद्राने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हा ती सरकारी खात्यांची, पोलिसांची, पाटबंधाऱ्याच्या साहेबांची कामाची गाडी होती हे खरे. पण १९९४ ची टाटा सुमो, २००० ची बोलेरो, त्याच सुमाराची टोयोटा क्वालिस आणि २००२ ची स्कॉर्पिओ या गाड्या वऱ्हाड नेण्यासाठी, देवदर्शनासाठी, आठ-दहा माणसे कोंबण्यासाठीच घेतल्या गेल्या. मागे समोरासमोरची बाके, त्यांवर मुले आणि पाहुणे, वर कॅरियरवर सामान. काहींत फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना ताकद देण्याचा, पर्याय असे, पण घेणारे थोडे. सर्रास खपत ते मागच्या चाकांवर चालणारे साधे मॉडेल. ते खराब रस्त्यावर चाले कारण पोट उंच होते, चासी दणकट होती, ड्रायव्हर सरावलेला होता आणि दुसरा रस्ताच नव्हता. आता रस्ता आहे. हैदराबादहून सोलापूरला जाताना गाडीच्या अंगी रांगडेपणा लागतच नाही, लागतो तो १०० च्या वेगात स्थिर राहण्याचा गुण. शेतातले, चिखलातले खरे काम तर केव्हाच ट्रॅक्टर आणि पिकअपकडे गेले. याच महामार्गावर हैदराबादपासून १०० किलोमीटरच्या आसपास झहीराबादला महिंद्राचा ट्रॅक्टरचा मोठा कारखाना आहे. मराठवाड्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात रुतलेली महागडी एसयूव्ही बाहेर काढायला शेवटी ट्रॅक्टरच येतो.

आडवाटेची क्षमता म्हणजे नेमके काय, हे जरा खाली वाकून पाहिले पाहिजे. गाडी वळताना बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते, म्हणून दोन चाकांमध्ये डिफरन्शियल बसवलेले असते. डांबरी रस्त्यावर ते वरदान असते आणि खडकात वैरी, कारण एक चाक हवेत लटकले की सगळी फिरकी त्याच चाकाला मिळते आणि जमिनीवरचे चाक ढिम्म उभे राहते. डिफरन्शियल लॉक हा त्यावरचा उपाय, दोन्ही चाके एकत्र जखडून टाकणारा. दुसरी गोष्ट लो रेंज. ट्रान्सफर केसमधल्या या खालच्या गिअरमुळे गाडी माणसाच्या चालीने, पण दुप्पट-अडीचपट जोराने चढण चढते आणि उतरताना ब्रेक न लावताही आवरलेली राहते. तिसरी गोष्ट कोनांची. पुढचे नाक आणि मागची शेपटी चाकांच्या किती बाहेर आली आहे त्यावर गाडी खडकावर चढेल की बंपर मोडून घेईल हे ठरते. २०२० च्या थारमध्ये पुढून चढण्याचा कोन ४१.८ अंश, मागचा ३६.८ अंश, पोटाची उंची २२६ मिलिमीटर आणि पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर. हैदराबादच्या आसपासचा ग्रॅनाइटचा खडकाळ मुलूख पाहता हे आकडे कागदी शोभेचे नाहीत. उलट, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कित्येक गाड्यांत आज ‘रफ’ आणि ‘वेट’ अशी नावे लिहिलेली गोल कळ असते. ती फिरवली की इंजिन आणि ब्रेकचे वागणे थोडे बदलते, निसरड्या डांबरावर उपयोगही होतो. मागची चाके मात्र पूर्वीइतकीच निवांत असतात.

मग ही नावे आणि ही रूपे आली कुठून? मोठा वाटा सरकारी कराचा आहे, आणि जीपप्रेमींच्या गप्पांत त्याला फारशी जागा मिळत नाही. २००६ मध्ये चार मीटरपेक्षा आखूड आणि लहान इंजिनाच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, आणि पुढच्या दशकात चार मीटरच्या आत कोंबलेल्या ‘एसयूव्हीं’ची फौज उभी राहिली. २०१३ च्या अर्थसंकल्पात एसयूव्हीवरचे शुल्क २७ वरून ३० टक्के झाले. डिसेंबर २०२२ मध्ये जीएसटी परिषदेने २२ टक्के उपकरासाठी एसयूव्ही कोणती याचे निकष स्पष्ट केले: लोक जिला एसयूव्ही म्हणतात ती, इंजिन १५०० सीसीच्या वर, लांबी ४००० मिलिमीटरच्या वर आणि पोटाची उंची १७० मिलिमीटर किंवा जास्त. किती चाकांना ताकद मिळते हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. लो रेंजचा तर उल्लेखही नाही. याचा परिणाम गमतीदार आहे. तीन दारांची थार ३९८५ मिलिमीटर लांब आहे. तिचे दीड लिटरचे डिझेल इंजिन फक्त मागची चाके फिरवते, आणि १५०० सीसीच्या आत असल्याने ते लहान गाडीच्या करात बसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा कर १८ टक्के आहे. मारुतीची पाच दारांची जिम्नीही ३९८५ मिलिमीटरचीच. तिच्या प्रत्येक मॉडेलमध्ये फोर बाय फोर आणि लो रेंज आहे, पण १४६२ सीसीचे पेट्रोल इंजिन १२०० सीसीची मर्यादा ओलांडते म्हणून तिच्यावर ४० टक्के. सरकारने मुद्दाम आडवाटेला दंड लावला असे कोणी म्हणणार नाही. पण फुटपट्टी लांबी, सीसी आणि उंची मोजत असेल तर कारखानदार लांबी, सीसी आणि उंचीचीच गाडी बनवणार. त्याचा दोष मागे बसलेल्या आजीच्या माथी कशाला?

आता कुटुंबाने काय केले ते पाहू. मारुती जिप्सी १९८५ मध्ये आली. हलकी, चिवट, लष्कराची, पोलिसांची, वनखात्याची आणि रॅलीवाल्यांची लाडकी. कुटुंबाची ती कधीच झाली नाही. मागे बाके, पाट्यांच्या स्प्रिंगांचे हादरे, उन्हाळ्यात भट्टी. जोवर नियम सैल होते तोवर ती चालली. पुढे टक्कर चाचण्या, एअरबॅग, एबीएस, आणि २०२० ला येऊ घातलेले बीएस-६ प्रदूषण नियम, हा सगळा खर्च वर्षाला खपणाऱ्या थोडक्या गाड्यांवर पसरवणे परवडेना, आणि सामान्य गिऱ्हाइकांसाठी तिचे उत्पादन थांबले. अस्सलपणाबद्दल कोणाची तक्रार नव्हती, फक्त विकत घ्यायला कोणी नव्हते. २०१० ची जुनी थारही अशीच मोजक्या वेड्यांची गाडी होती. २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार आली तेव्हा तिला पक्के छप्पर, समोर तोंड केलेली मागची आसने, ऑटोमॅटिक गिअर आणि टचस्क्रीन मिळाले, आणि तिच्याखाली लॅडर फ्रेम, लो रेंज व डिफरन्शियल लॉक तसेच राहिले. जानेवारी २०२३ मध्ये फक्त मागच्या चाकांवर चालणारी थार ९ लाख ९९ हजारांपासून विकायला काढली, तेव्हा ‘थारचीही मारुती झाली’ असा सूर उमटला. पण हिशेब साधा आहे. पत्रा दाबायचे साचे, चासी, दारे, काचा, रंगकाम हे सगळे दोन्ही मॉडेलांना सामाईक. ओआरआरवर फिरणाऱ्या, फक्त मागच्या चाकांच्या थारने या साच्यांचे पैसे फेडले की फोर बाय फोर थार कारखान्यात टिकते. ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दारांची थार रॉक्स आली, सनरूफसकट, थंड हवा सोडणाऱ्या सीटांसकट, पुढे भारत एनसीएपीच्या टक्कर चाचणीत पाच तारेही मिळाले. बुकिंग उघडल्यावर पहिल्या तासात १ लाख ७६ हजारांहून अधिक मागण्या नोंदल्या गेल्या. तिची फोर बाय फोर आवृत्ती फक्त डिझेलमध्ये मिळते आणि तिचा पुढचा कोन ४१.७ अंश आहे, म्हणजे तीन दारांच्या बहिणीपेक्षा अंशाच्या दहाव्या हिश्श्याने कमी. मधल्या पोटाचा कोन मात्र लांबीमुळे २७ वरून २३.९ वर आला. कुटुंबासाठी दिलेली खरी किंमत एवढीच.

जिम्नीचे उदाहरण उलट्या बाजूने तेच सांगते. जून २०२३ मध्ये १२ लाख ७४ हजारांपासून आलेल्या या गाडीत यंत्रसामग्री चोख आहे, पण चार माणसे आणि तोकडी डिकी. त्याच नेक्सा शोरूममध्ये शेजारी मारुतीचीच फ्राँक्स उभी, स्वस्त, पुढच्या चाकांची. हैदराबाद असो की पुणे, घरच्यांनी फ्राँक्स उचलली. हीच भारतात बनलेली पाच दारांची जिम्नी जानेवारी २०२५ मध्ये जपानमध्ये नोमाड या नावाने जाहीर झाली आणि काही दिवसांत ५० हजार मागण्या आल्याने सुझुकीला नोंदणी थांबवावी लागली. आपल्याकडे गाडीच्या यंत्रात काही कमी नव्हते, मागच्या सीटवर होते.

टाटांची सफारी हा माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात सबळ आक्षेप. १९९८ च्या सफारीत फोर बाय फोर होते, नंतरच्या स्टॉर्ममध्येही होते, लष्करानेही स्टॉर्म घेतल्या. २०२१ मध्ये तेच नाव हॅरियरच्या सांगाड्यावर परत आले तेव्हा गाडी फक्त पुढच्या चाकांची झाली, आणि हा सांगाडा लँड रोव्हरच्या वंशातला असूनही. इथे तक्रारकर्ते बरोबर आहेत. सहा-सात माणसांना घेऊन पावसाळ्यात कोयनेच्या खोऱ्यातल्या एखाद्या गावापर्यंत जाणारी, फॉर्च्युनरच्या किमतीपर्यंत न पोचणारी गाडी, ही मधली जागा काही वर्षे ओस पडली होती. पण ती रिकामी राहिली नाही. २०२२ ची स्कॉर्पिओ एन लॅडर फ्रेम, फोर बाय फोर आणि तीन रांगा घेऊन तिथेच आली, आणि तीही कुटुंबाची गाडी म्हणूनच खपते. टाटांनी २०२५ मध्ये हॅरियरच्या विजेवरच्या आवृत्तीत चारही चाकांना ताकद दिली. म्हणजे मागणी मेलेली नव्हती, कंपनीने तिचा अंदाज चुकवला होता.

दुसरा आक्षेप भावनिक आहे: मोनोकॉक, म्हणजे चासी आणि बॉडी एकसंध असलेला, सांगाडा आणि इलेक्ट्रॉनिक्स आले की गाडीचा आत्मा गेला. रशियाची लाडा निव्हा १९७७ पासून मोनोकॉक आहे, तिला लो रेंज आहे आणि सैबेरियाच्या चिखलात तिची निष्ठा कोणी तपासलेली नाही. लँड रोव्हरची नवी डिफेंडर मोनोकॉकच आहे आणि ९०० मिलिमीटर पाण्यातून जाते. दुसरीकडे २०१६ मध्ये एअरबॅग नसलेल्या जुन्या स्कॉर्पिओला ग्लोबल एनसीएपीने शून्य तारे दिले, आणि २०२२ मध्ये स्कॉर्पिओ एनला पाच. ज्या रांगडेपणाची आठवण काढून लोक हळवे होतात त्यात बाकावर बिनपट्ट्याने बसलेली मुलेही होती, एवढे तरी विसरू नये.

हानी झाली आहे ती गिऱ्हाइकाच्या समजुतीत. नवी थार बाजारात आली त्यानंतर अकरा दिवसांनी, १३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री, हैदराबादेत प्रचंड पाऊस झाला आणि वस्त्यांमधून गाड्या वाहून गेल्या. अशा पाण्यात उंच गाडीवाल्याला वाटते की आपण निघून जाऊ. पोटाची उंची १९० मिलिमीटर म्हणजे १९० मिलिमीटर पाणी पचते असे नाही, आणि जास्त पचते असेही नाही. हवा खेचणारी नळी कुठे आहे त्यावर ते ठरते. तिच्यातून पाणी इंजिनात शिरले की पिस्टन दाबणार काय, पाणी दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कोकणच्या किनाऱ्यावर सुट्टीच्या मोसमात वाळूत रुतलेल्या गाड्यांच्या बातम्या येतात त्याही याच समजुतीच्या.

तेव्हा शोरूममध्ये सनरूफ उघडून-मिटून झाले की सेल्समनला विचारा: ताकद कोणत्या चाकांना जाते, लो रेंज आहे का, आणि किती मिलिमीटर पाण्यातून गाडी जाऊ शकते हे छापील कागदावर कुठे लिहिले आहे. ओआरआर आणि सोलापूर एवढाच प्रवास असेल तर पुढच्या चाकांची गाडी घ्या, पैसे वाचतील आणि मायलेज मिळेल. पण पाण्याचा आकडा कागदावर नसेल, तर पावसात भरलेल्या भुयारी मार्गात ती गाडी घालू नका.