सिंहाचा खर्च कोणाच्या खाती?

केनियातील मसाई मारा अभयारण्यात जुलै ते डिसेंबर या काळात परदेशी प्रवाशास दररोज २०० डॉलर प्रवेशशुल्क पडते, असा दर २०२४ साली ठरला. वर्षाच्या पूर्वार्धात तेच १०० डॉलर. सेरेंगेटीकडून आलेले लक्षावधी विल्डेबीस्ट मारा नदी ओलांडतात, तो हाच हंगाम. मागणी वाढली की किंमत वाढवावी, हा पाठ नारोक कौंटीच्या कारभाऱ्यांना कोणा प्राध्यापकाने शिकविण्याची गरज नव्हती!

परंतु या व्यवहारात जमाखर्चाच्या दोन बाजू एका खात्यात येत नाहीत. सिंहदर्शनाचा आनंद प्रवाशाचा, शुल्क कौंटीचे. सिंहाने गाय मारली तर नुकसान मात्र मसाई गुराख्याचे. १९५९ साली सेरेंगेटी उद्यानातून मसाईंना न्गोरोंगोरोकडे हलविण्यात आले. त्यांनी गमावलेल्या कुरणांचे मोल कोणत्या ताळेबंदात धरले गेले? केनियाच्या २०१३ च्या कायद्याने वन्य प्राण्यामुळे मृत्यू ओढवल्यास ५० लाख शिलिंग भरपाई ठरविली खरी. ती वारसांच्या हाती पडण्यास वर्षे लोटतात. प्रवेशशुल्कावर पहिला बोजा या भरपाईचाच असावयास हवा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

माराच्या सीमेलगतच्या मसाई जमीनमालकांनी आपल्या जमिनी पर्यटन-व्यावसायिकांस भाड्याने दिल्या आहेत. ही व्यवस्था अधिक न्याय्य, कारण भाडे थेट मालकास मिळते. मात्र २०२० च्या महासाथीत प्रवासी थांबले आणि अनेक ठिकाणी या भाड्यालाही कात्री लागली. सिंह तेव्हाही तेथेच होते, आणि गुरेही.