कांद्याला मिळालेलं श्रेय

भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्यात काय किंवा जालन्याच्या बाजारात काय, कुणाला फेफरं आलं की पहिला मान कांद्याला, दुसरा चपलेला. दोन-तीन मिनिटांत माणूस शांत होतो आणि श्रेय कांद्याला जातं. खरं तर बहुतेक फिट्स तेवढ्या वेळात आपोआपच थांबतात. पाच मिनिटं उलटूनही थांबली नाही, तर मात्र १०८ला फोन लावायचा. कारण लांबलेली आकडी मेंदूत काय करून जाते, हे प्रयोगशाळेतल्या उंदरांनी दाखवलंय.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना चेतवतात त्या मुख्यतः ग्लुटामेट या रसायनाने. ते झेलणाऱ्या प्रथिनांना ग्राहक म्हणतात. रात्रीची लाइट आल्यावर शेतात दारं धरणाऱ्याला त्यांचं काम लगेच कळेल: पाणी कुठे सोडायचं, कुठे मातीने दाबायचं. 'अँपा' नावाचा ग्राहक चार तुकड्यांचा असतो. त्यात ग्लु-ए-२ हा तुकडा असला, की सोडियम आत जातं, कॅल्शियम बाहेर अडतं.

प्रयोगात उंदराला कायनिक आम्ल टोचतात. ते मिळालं एका समुद्रशेवाळातून, जे जपानात जंतांवर औषध म्हणून देत! उंदराची आकडी मग तासन् तास चालते. त्यानंतर मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या काही पेशींत ग्लु-ए-२च्या जनुकाचं वाचन मंदावतं. जनुकाची अक्षरं तीच राहतात, त्यावरून निघणाऱ्या प्रती घटतात. मग काही नव्या ग्राहकांत ग्लु-ए-२चा अडसरच नसतो, कॅल्शियम शिरतं, पेशी धोक्यात येते. १९९०च्या दशकातल्या प्रयोगांत ही घट पेशी मरण्याआधीच दिसली. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. आधी दिसलेली घट मरणाचा नुसता परिणाम असू शकत नाही.

पायलोकार्पिन हे आकडी आणणारं दुसरं रसायन दिलेल्या उंदरांत तर पहिल्या वादळानंतर काही दिवस, कधी काही आठवडे सारं शांत असतं. मग फिट्स आपणहून येऊ लागतात. चरकाने अपस्माराची व्याख्या स्मृती जाणं अशी केली. या उंदरांचा मेंदू मात्र आकडी विसरत नाही. अर्थात तासन् तास चाललेल्या त्या आकडीवरून माणसाच्या एखाद्या छोट्या फिटचं भाकीत करू नये.

अँपा ग्राहकालाच आवरणारं पेरांपनेल हे औषध अमेरिका आणि युरोपात २०१२ साली मंजूर झालं. ते दार दाबून धरतं; घटलेल्या प्रती पुन्हा वाढवणं हे त्याचं काम नाही.