मुलांचं बीपीही मोजायला हवं : अ‍ॅड्रिनलच्या गाठीविषयी

एखादं मूल सारखं डोकं दुखतं म्हणतं, मधेच घामाघूम होतं, छाती धडधडते. घरी नजर उतरवतात, शाळेत आम्ही अभ्यासाचं टेन्शन म्हणतो. बीपी मात्र कोणी मोजत नाही. क्वचित यामागे अ‍ॅड्रिनल ग्रंथीतली गाठ असते.

दोन्ही किडन्यांवर टोपीसारख्या या ग्रंथी बसलेल्या असतात. फिओक्रोमोसायटोमा ही गाठ झाली की अ‍ॅड्रेनलिनच्या जातीची संप्रेरकं रक्तात जादा येतात आणि बीपी चढतं. व्हॉन हिप्पेल-लिंडाऊ या आनुवंशिक आजारात ती लहानपणीही होते, दोन्ही बाजूंना होऊ शकते. म्हणून सर्जन जमेल तिथे दुर्बिणीतून, छोट्या छिद्रांतून फक्त गाठ काढतात आणि ग्रंथीचा बाहेरचा थर वाचवतात. शरीराला लागणारं कॉर्टिसॉल तोच बनवतो. दोन्ही ग्रंथी पूर्ण गेल्या तर जन्मभर स्टेरॉइडच्या गोळ्या. अशा रुग्णाने रोज्यासाठी गोळी परस्पर बंद केली तर जिवावर बेतू शकतं. अर्थात थर ठेवला की गाठ पुन्हा होऊ शकते, तपासण्या सुटत नाहीत.

ऑपरेशनआधी साधारण १० ते १४ दिवस अल्फा ब्लॉकर औषध देतात. नाहीतर गाठीला हात लागताच बीपी भडकतं. तेव्हा ‘तारीख का देत नाहीत’ म्हणून डॉक्टरांशी वाद घालू नका.

वालिदैनपैकी एकाला हा आजार असेल तर प्रत्येक मुलाला, मग मुलगा असो की मुलगी, तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. रिश्ते मोडतील या भीतीने घरं गप्प बसतात. पण भावंडांची जनुकीय तपासणी केली, तर गाठ लहान असतानाच सापडू शकते.