गळाच्या टोकाकडून रंकाळा

रंकाळ्यावर आलेला कोल्हापूरकर भेळ खातो, शालिनी पॅलेस मागं धरून फोटो काढतो आणि तलावाकडे पाठ करून कट्ट्यावर गप्पा मारत बसतो. पाण्याकडे टक लावून बघणारी माणसं मोजकीच. त्यांत गळ टाकून बसलेले पहिले. दिवस कलला की काठाच्या एखाद्या आडबाजूला ते दिसतात. हातात काठी, तिला तंगूस, खाली शिशाचा तुकडा आणि गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी. शेजारी जाऊन उभं राहिलं की पहिला आदेश ठरलेला असतो: "पावणं, सावली पाण्यावर पाडू नका."

परदेशात गळ टाकणं हा मोठा धंदा आहे. स्पेनमधल्या एब्रो नदीच्या जलाशयांवर मिशाळ मासे धरायला युरोपभरातून लोक येतात. होडी, गळ, आमिष आणि वाटाड्या सगळं भाड्यानं मिळतं. माणसाएवढा मासा ओढून काढायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. आपल्याकडे कावेरीकाठी भीमेश्वरीला महसीरसाठी असे तळ होते, उत्तराखंडच्या नद्यांवर आजही हौशी लोक जातात. कोल्हापुरात तसली पावतीवाली सहल नाही. इथला वाटाड्या फुकट आहे आणि तो काठावरच बसलेला असतो. फक्त त्याच्याशी बोलायला लागतं, आणि त्याआधी बराच वेळ गप्प बसायला लागतं.

रंकाळ्याचा तळ साधा नाही. इथं पूर्वी दगडाची खाण होती, आठव्या-नवव्या शतकात भूकंप झाला आणि खाण पाण्यानं भरली, असं परंपरेनं सांगतात. भूकंपाचं सोडून द्या, पण खाणीची गोष्ट पटते. शेजारी इराणी खण आजही आहे आणि गणपती विसर्जनाच्या दिवशी ती सगळ्या शहराला ठाऊक असते. नाव रंकभैरवावरून पडलं. काठच्या देवळातला नंदी रोज गव्हाएवढा तलावाकडे सरकतो नि तांदळाएवढा मागं येतो, तो पाण्याला लागला की जग बुडणार, ही कथा तर इथलं पोर पोर सांगतं. हिशेबानं नंदी रोज थोडा पुढंच जातोय, एवढं लक्षात घ्या. तलावातला संध्यामठ पावसाळ्यात पाण्यात जातो आणि पाणी उतरलं की त्याचे दगड वर येतात. शालिनी पॅलेस त्या मानानं कालचा. 1931 ते 1934 या काळात काळ्या दगडात तो उभा राहिला.

दगडाच्या कपारी, गाळ आणि अंधार ही मिशाळ माशांची आवडती जागा. या कुळाला खवले नसतात. डोळ्यांवर त्यांचा फारसा भरवसा नसतो. तोंडाभोवतीच्या मिशांनी ते गढूळ पाण्यातही चव घेत खाणं शोधतात आणि दिवस मावळल्यावर हिंडायला निघतात. म्हणून त्यांच्यासाठी गळ तळाशी ठेवायचा, आमिष वासाचं लावायचं आणि घाई करायची नाही. रोहू-कटल्यासाठी कणीक चालते. मिशाळांपैकी शिंगटीला गांडूळ लागतं आणि मोठ्या पहाडीसाठी लोक कोंबडीची आतडी लावतात.

शिंगटी गळावरून सोडवणं हे खरं शिक्षण. दिसायला वीतभर, पण पाठीवर एक आणि दोन्ही बगलांत एकेक काटा. ती बाहेर आली की तिन्ही काटे ताठ करून अडकवते, मग ते दाबून मिटत नाहीत. बगलेचे काटे खोबणीत घासून ती चिरचिर आवाजही करते. नवखा माणूस सरळ मुठीत धरतो आणि हात झटकत उठतो. काटा घुसला की जखमेपेक्षा आग जास्त होते. जाणता माणूस बोटं काट्यांच्या मागून घालतो आणि गळ उलटा फिरवून काढतो. खायची असेल तर आधी राखेनं किंवा मिठानं चोळून बुळबुळ काढायची, नाहीतर कालवणाला वास येतो.

या माशांचा अभ्यास जुना आहे. कर्नल साईक्स हा इंग्रज अधिकारी 1824 पासून काही वर्षं दख्खनच्या पाहणीवर होता. इथल्या माशांची शास्त्रीय वर्णनं त्यानं 1839 च्या सुमारास छापली. शिंगटी आणि इचकी ही कोळ्या-भोयांच्या तोंडची नावंच त्यानं शास्त्रीय नावांत घातली आणि ती आजही तशीच चालतात. त्यानं पुण्याच्या मुळा-मुठेतून वर्णन केलेला सिलोनिया हा मिशाळ मासा मात्र आता धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे.

आता रंकाळ्याचं दुखणं. गळ टाकणाऱ्याला विचारा, सगळ्यात जास्त काय लागतं? उत्तर येतं, चिलापी. हा आफ्रिकेचा मासा 1952 मध्ये भारतात आणला गेला. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळं कुठल्याही पाण्यात ती पसरते. दुसरीकडे नाल्यांचं सांडपाणी वर्षानुवर्षं तलावात आलं. 2010 नंतरच्या काही वर्षांत पाणी हिरवं झालं आणि काठावर नाक धरून चालायची वेळ आली. केंदाळ तर काढावं तितकं वाढतं. अशा पाण्यातलं शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री तोच ओढून घेतं. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले की गळवाल्याला सगळं कळतं. प्रयोगशाळेचा अहवाल त्याच्या बराच मागून येतो. पंचगंगेत हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आता सवयीच्या झाल्यात, हे सगळ्यात वाईट.

अशा पाण्यात टिकतो तो मांगूर. त्याच्या कल्ल्यांवर फांद्यांसारखा एक अवयव असतो, त्यानं तो सरळ हवेतून श्वास घेतो. देशी मांगूर बिचारा गुणी. खरी भीती आफ्रिकन मांगुराची. तो झपाट्यानं वाढतो, कुजकं मांस खातो आणि ज्या पाण्यात शिरतो तिथले देशी मासे संपवतो. केंद्रानं 2000 मध्ये त्याच्या पालनावर बंदी घातली. तरी उजनी धरणाच्या परिसरात चोरून पाळलेली मांगुराची तळी शोधून सरकारला नष्ट करावी लागली. ज्या एब्रोचं कौतुक वर केलं, तिथलाही मोठा मिशाळ मासा मूळचा नाही. 1974 मध्ये हौशी शिकाऱ्यांनी तो बाहेरून आणून सोडला. पर्यटन वाढलं, पण किंमत तिथल्या मूळ माशांनी मोजली. कोल्हापुरात उद्या कुणी 'फिशिंग टुरिझम'चा फलक लावायला निघालं, तर हे आधी त्याच्या कानावर घालायला हवं. आपल्या पाण्यात शिंगटी, पहाडी, मरळ, वाम आहेत. पाणी नीट ठेवलं तर तेवढ्यावर सहल होते.

ज्यांना बघायचं आहे त्यांनी पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत यावं. अंबाबाईचं दर्शन घेऊन रंकाळा सहज चालत गाठता येतो. संध्याकाळी पाचनंतर काठ धरावा. स्वतः गळ टाकायचा असेल तर महापालिकेचे त्या वेळचे नियम आधी विचारून घ्यावेत. धरणांच्या जलाशयांत मासेमारीचा ठेका असतो, आणि राधानगरीचा परिसर अभयारण्यात येतो, तिथं मनाला येईल तिथं बसता येत नाही. जूनमध्ये चढणीला लागलेले अंड्यांनी भरलेले मासे मारू नयेत, तो शौक पुढच्या वर्षाचा मासा खातो. रंकाळ्यातला मासा घरी नेऊन खायचा सल्ला मी तरी देणार नाही. सांडपाणी पुरतं थांबेपर्यंत तो धरावा, बघावा आणि सोडावा. चिलापी मात्र परत सोडू नका. आणि घरच्या काचेच्या टाकीतला विदेशी मासा मोठा झाला, सांभाळवत नाही, म्हणून पुण्य समजून रंकाळ्यात आणून टाकू नका.