बंगला पाहिला, शेजार पाहिला का?

माझी मुलगी आणि जावई दोन मुलांना घेऊन पुण्याहून जळगावला राहायला यायचं म्हणताहेत. जावयांचं काम आता घरूनही होतं आणि मुलांना आजी-आजोबा जवळ मिळावेत, अशी दोघांची इच्छा आहे. पैशांची सोय आहे. मागच्या महिन्यात मुलीचा फोन आला, "आई, एखादी चांगली कॉलनी बघून ठेव ना." चांगली म्हणजे रुंद रस्ते, टुमदार बंगले, गाडी लावायला जागा. हे सगळं एका फेरीत बघून होतं. पण फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "आणि माणसं बोलणारी हवीत गं." तिथं मी अडले.

माणसं बोलणारी आहेत की नाहीत, हे राहायला जाण्याआधी ओळखायचं कसं? या परीक्षेत मी एकदा सपशेल नापास झालेली आहे, म्हणून बोलायचा थोडा अधिकार आहे.

आम्ही मूळचे धुळ्याचे. १८१८ साली खान्देश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळ्याला मुख्य ठाणं करून नवी पेठ सरळ रेषेत आखून घेतली. तिथल्या गल्ल्यांना आजही नंबरानंच ओळखतात. माझं सासर अशाच एका गल्लीतलं. ओट्याला ओटा लागून. कुणाच्या घरी आज काय शिजतंय, हे वासावरून कळायचं आणि कुणाचं भांडण झालंय, हे तर सांगावंच लागायचं नाही. १९९८ साली माझी बँकेतली बदली जळगावला झाली. सासूबाई म्हणाल्या, "आता तरी जरा मोकळ्या घरात राहू." आम्ही एका सुखवस्तू कॉलनीत बंगल्याचा खालचा मजला भाड्यानं घेतला. वरचा मजला मालकांनी स्वतःसाठी ठेवला होता, पण ते परगावी असत. बाहेर बोगनवेल, फाटकावर पितळी पाटी, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मला वाटलं, काय शांतता आहे!

एप्रिलमध्ये, भर दुपारी बाराच्या सुमाराला सासूबाई मागच्या अंगणात घसरल्या आणि पायाचं हाड मोडलं. मी बँकेत, हे औषध कंपनीच्या फिरतीवर, मुलं शाळेत. सासूबाईंनी हाका मारल्या. शेजारचा बंगला जेमतेम वीस फुटांवर आणि घरात माणसं होती. चार वाजता दूधवाले दादा आले, तेव्हा त्यांना कण्हणं ऐकू आलं. त्या तापलेल्या फरशीवर त्या चार तास पडून होत्या.

रात्री शेजारच्या वहिनी आल्या. डोळ्यांत पाणी होतं. "आम्ही घरातच होतो हो, कूलर चालू होता." पुढं त्या जे बोलल्या, ते मी विसरलेले नाही. "तुमच्याकडे म्हातारं माणूस आहे, हेच आम्हाला माहीत नव्हतं."

चार महिने झाले होते आम्हाला तिथं राहायला येऊन. दोष द्यायचा तर त्यांना कसा द्यायचा? मी तरी एकदा त्यांच्या फाटकाची कडी वाजवली होती का? ती माणसं वाईट नव्हती. पण त्या वस्तीत एकमेकांना भेटायचं काही कारणच उरलेलं नव्हतं, आणि हे मला आधी दिसायला हवं होतं.

म्हणून या खेपेला मी बंगल्यांऐवजी बंगल्यांच्या मधली जागा बघते आहे. रस्ता आधी. अमेरिकेत डोनाल्ड ॲपलयार्ड नावाचे नगररचनेचे प्राध्यापक होते. त्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीला सॅनफ्रान्सिस्को शहरातले तीन सारखेच रस्ते निवडले. फरक फक्त वाहनांचा. एकावरून दिवसाला सुमारे दोन हजार गाड्या जात, दुसऱ्यावरून आठ हजार, तिसऱ्यावरून सोळा हजार. कमी वाहतुकीच्या रस्त्यावर माणशी तीन मित्र निघाले, तर जास्त वाहतुकीच्या रस्त्यावर एकही पुरता नाही, सरासरी ०.९. तोंडओळखीची माणसंही जवळपास निम्मीच. आपल्याकडे दर्शनी, मोठ्या रस्त्याचा प्लॉट म्हणजे प्रतिष्ठा, त्याचा भावही जास्त. पण रिंगरोडच्या तोंडावरच्या घरातला माणूस समोरच्या घरात साखर मागायला जाईल, की आतल्या गल्लीतला? जळगावात तर महामार्ग गावाच्या मधूनच गेलेला. मुलांची शाळा आणि मैत्रिणीचं घर त्याच्या पलीकडे असेल, तर ती मैत्री आईच्या स्कूटरवरच अवलंबून.

मग 'ओपन स्पेस'. हा शब्द आता खान्देशातल्या प्रत्येक कॉलनीत मराठीच झालाय. एक एकराच्या आसपास किंवा त्याहून मोठा ले-आऊट पाडला, की त्यातली दहा टक्के जागा सर्वांसाठी मोकळी सोडावी लागते. ती जागा नकाशात सगळीकडे सापडते. प्रत्यक्षात कुठं तिथं बाभळी माजलेल्या असतात, कुठं देऊळ आणि चार बाक असतात, तर कुठं सुरेख हिरवळ असते आणि तिला कुलूप! कुलूप दिसलं, की मी किल्ली कुणाकडे असते ते विचारते. "अमक्या काकांकडे, हाक मारा, देतात" असं उत्तर आलं तर ठीक. कुणालाच माहीत नसेल, तर समजायचं, की इथं हिरवळ पाहायसाठी आहे.

वेळेचंही भान हवं. मे महिन्यात दुपारी दोनला जाऊन "इथं कुणी बोलत नाही" असं ठरवू नका. पारा पंचेचाळीसकडे झुकलेला असताना आपण तरी कुठं बाहेर असतो? जावं ते दिवेलागणीनंतर. पूर्वी त्या वेळी घरोघर अंगणात पाणी शिंपडायचे, खुर्च्या, खाटा बाहेर यायच्या आणि गप्पा रात्रीपर्यंत चालायच्या. धुळ्याला देवपूरच्या आतल्या गल्ल्यांमधून परवा संध्याकाळी हिंडले, तर एका ठिकाणी फाटकाबाहेर चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या दिसल्या. तीन भरलेल्या, एक रिकामी. मी नुसती थांबले, तर "या, बसा ना मावशी" म्हणून रिकामी खुर्ची पुढं आली. मुलगी जळगावला येणार, धुळ्याला नाही, ही अडचण, नाहीतर तिथंच घर बघितलं असतं!

एक मात्र जुनी खूण आता चालत नाही. मार्च-एप्रिलमध्ये गच्चीवर पापड, कुरडया, बिबडे कोण कोणाबरोबर करतं, हे पाहिलं की अख्ख्या कॉलनीची कुंडली कळायची. आता सुखवस्तू घरांतून बचत गटाकडे ऑर्डर जाते. गच्ची रिकामी दिसली म्हणून मनं रिकामी, असं काही नाही. तसंच दोनशे जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे म्हणून शेजार आहे, असंही नाही.

चौकशी कुणाकडे करायची? दलालाकडे नको, घर विकणाऱ्याकडे तर नकोच. इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार आणि धुणंभांडी करणाऱ्या मावशी. या तिघांना वस्ती आतून माहीत असते. "लोक चांगले आहेत का?" असं विचारलं, तर "हो, चांगलेच आहेत" हेच उत्तर येणार. मी विचारते, "उन्हात पाणी कुणाच्या फाटकावर मागता?" एका कॉलनीत मावशींनी धडाधड पाच घरं दाखवली. दुसऱ्या, जास्त श्रीमंत कॉलनीत त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मी बाटली घेऊन येते." आणखी एक विचारावं, "इतक्यात कुणाकडे दुःख झालं होतं का, पिठलं-भाकरी कुणी नेली?" आपल्याकडे सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, ताट शेजारून जातं. ते आता डबेवाल्याकडून येत असेल, तर ते कळलेलं बरं.

आता जरा अवघड विषय. आपल्याकडे नव्या माणसाला पहिला प्रश्न असतो, "कुठले तुम्ही? आडनाव काय?" याचा राग मानू नये. यात निम्मी आपुलकीच असते, गाव कळलं की नातं काढायला बरं. सासूबाईंना अहिराणीत कुणी "कोठली व माय तू?" म्हटलं, की त्यांचा चेहरा खुलायचा. पण उरलेली निम्मी चाळणी असते. बँकेतले माझे एक सहकारी घर बघायला गेले. घर पसंत पडलं, भाडं ठरलं. मग आडनाव सांगितलं आणि मालकांना एकाएकी आठवलं, की घर भाच्याला द्यायचं आहे. पुढं सहा महिने त्या घराला टाळं होतं. म्हणून पहिला प्रश्न कोणताही असो, दुसरा काय येतो तिकडं कान द्या. आडनावानंतर "मग मुलं कितवीला?" येतं, की संभाषण तिथंच संपतं? आणि आपलं आडनाव चाळणीतून सहज गेलं, तरी कुणाचं जात नाही हेही विचारावं. नातवंडांनी कुणाबरोबर वाढायचं, हेही त्याच चाळणीवर ठरत असतं.

सध्या दोन कॉलन्या मनात आहेत. एकीत घरं फार छान आहेत, फाटकावर पहारेकरी आहे, कॅमेरे आहेत. दुसरीत ड्रेनेजचं काम रखडलंय आणि आमच्या मनातल्या प्लॉटशेजारी एक आजोबा कायम रस्त्यावर खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करत बसतात. जावयांना पहिली आवडली, सुरक्षित वाटते म्हणतात. त्यांचं अगदीच चूक नाही. दुसरीतल्या आजोबांचा जाचही व्हायचा, सुनेनं किती वाजता स्कूटर काढली याचीही ते नोंद ठेवणार! पण दुपारी बाराला कुणी पडलं, तर ती हाक त्यांना नक्की ऐकू जाईल.

टोकन अजून दिलेलं नाही. पुढच्या रविवारी मुलगी-जावई मुलांना घेऊन येताहेत. संध्याकाळी दोन्ही ठिकाणी जाऊ. नातवाला चेंडू बरोबर आणायला सांगितलाय. तो कुणाच्या ना कुणाच्या कंपाउंडात जाईलच.