सुईण, आरोग्यसेविका आणि प्रसाविका : कागद कोणता, शिक्षण किती?

प्रसूतीच्या वेळी स्त्रीजवळ कोणी असावे, हे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे : परिणत वयाच्या, प्रसूतिकर्मात कुशल अशा चार स्त्रिया, आणि त्यांची नखे कापलेली असावीत. पुढे शासकीय प्रशिक्षणात सुईणींना स्वच्छतेचे जे पाच नियम शिकविले गेले (हात, जागा, पाते, नाळेचा दोरा व नाळेचे टोक), त्यांचे बीज आम्हांस येथेच दिसते.

पेण व रोहा तालुक्यांतील कातकरी व ठाकूर वाड्यांना सुईण नवखी नाही. तथापि तिला मिळालेले प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र म्हणजे नोंदणी नव्हे. उपकेंद्रातील आरोग्यसेविका ही 'सहायक परिचारिका प्रसाविका', म्हणजे एएनएम. हा अभ्यासक्रम बारावीनंतर दोन वर्षांचा. जीएनएम तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. तिन्हींत प्रसाविकाशास्त्र शिकवितात आणि तिघींची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेत होते. केवळ प्रसूतिसेवेसाठी स्वतंत्र प्रसाविका घडविण्याचा विचार मात्र केंद्र शासनाच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत आला. परिचारिकेस आणखी अठरा महिन्यांचे शिक्षण, असे त्याचे स्वरूप.

आमच्या व्यवसायबंधूंना हे सांगण्याचे कारण असे की, तालुक्याच्या गावी लहान प्रसूतिगृहात 'सिस्टर' म्हणून वावरणारी प्रत्येक मुलगी यांपैकी असतेच असे नाही. खाजगी वर्गाचे सहा महिन्यांचे प्रमाणपत्र भिंतीवर शोभते, पण वार अडकली असता उपयोगी पडत नाही. नेमणुकीपूर्वी परिषदेचा नोंदणी क्रमांक व नूतनीकरणाची तारीख पाहावी. स्वतःच्या हातांनी किती प्रसूती केल्या, हेही निःसंकोच विचारावे.

औषधविक्रेत्यांची जबाबदारी याहून कमी नाही. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन चिठ्ठीवाचून देता येत नाही. प्रशिक्षित आरोग्यसेविका ते बाळ जन्मल्यानंतर, रक्तस्राव रोखण्यासाठी, स्नायूत देते. तेच घरी कळा वाढविण्यासाठी आधी टोचले, तर गर्भाशय फाटू शकतो.

सुईणीचा हात सूतिकेच्या अभ्यंगाला व पोटपट्टा बांधण्याला आजही हवाच; आम्ही तो नाकारीत नाही. ती दशमूलारिष्ट किंवा बाळंतकाढा घ्यावयास दुकानी आली, तर बाटली देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : बाळंतिणीस ताप आहे काय? स्रावास दुर्गंधी आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आल्यास काढ्यावर विसंबू न देता 108 क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि बाळंतिणीस पेण अथवा रोहा येथील उपजिल्हा रुग्णालयात पाठवावे.